टाकीला हवा लागते

खाडीच्या मध्यावर आल्यावर इंजिनाने आवंढा गिळला. निदान होडी चालवणाऱ्याला तरी ते तसंच ऐकू आलं. मग ते दोनदा खोकलं, जरा सावरलं, आता चालेल असं वाटेपर्यंत चाललं आणि गप्प झालं. इंजिनावर आवाज चढवून बोलणाऱ्या शिंप्याचं "मी तिला स्पष्टच सांगितलं" हे वाक्य सगळ्या होडीला ऐकू गेलं, आणि शिंपी ओशाळून पाण्याकडे पाहू लागला. मागे सुकाणूपाशी बसलेला तो मात्र इंजिनाकडे वळलाच नाही. त्याने आधी पाहिलं ते समोरच्या बाकाकडे, ज्याच्या खाली पेट्रोलची टाकी असते. तिथे सासरे बसायचे. त्यांच्या पाठीकडे बघून चिडायची त्याला अलीकडे इतकी सवय झाली होती, की राग आधी येऊन उभा राहिला आणि मग ध्यानात आलं, बाकावर नर्सबाई बसल्या आहेत. सासरे नाहीत. सासऱ्यांना होडीवर यायला आपणच बंदी केली आहे. मग हा आलेला राग काढायचा कुणावर? तो तसाच थोडा वेळ हात मांडीवर ठेवून बसून राहिला, आणि ओहोटीचं पाणी होडीला हळूहळू खाडीच्या तोंडाकडे, नांगरून ठेवलेल्या रेतीच्या बार्जकडे ओढायला लागलं.

"पुन्हा का हो?" नर्सबाई म्हणाल्या. पलीकडच्या काठावरच्या इस्पितळात त्यांची ड्यूटी असे. हातातलं घड्याळ त्या बघत नव्हत्या, पण बघायचं टाळतायत हे दिसत होतं.

"काही नाही. आत्ता होईल," तो म्हणाला. आवाज आपला नसल्यासारखा निघाला. असं म्हणायचं काम इतके दिवस दुसऱ्याचं होतं.

इंजिन बंद पडलं की इंजिनाला शिव्या द्यायच्या नाहीत, हे सासऱ्यांनीच शिकवलेलं. "ते बिचारं उपाशी आहे हो, जावईबापू. त्याच्यावर ओरडून काय उपयोग? घास कुठे अडकला ते बघा." मग ते पेट्रोलच्या वाटेने उलटे चालत यायचे. कार्बोरेटर, पंप, फिल्टरची वाटी, तिच्यात तळाला पाणी साचलंय का, मग नळीच्या मध्ये बसवलेला तो हाताने दाबायचा रबरी फुगा, मग नळी, नळीचे सांधे, आणि शेवटी टाकी. तोही तसाच निघाला. फिल्टरची वाटी स्वच्छ होती. सांधे कोरडे होते, एकाही ठिकाणी पेट्रोलचा ओलावा नाही. इंजिनात पेट्रोल चढवायला म्हणून त्याने फुगा मुठीत धरला, तर त्यात दाबण्यासारखं काही उरलंच नव्हतं. संपत आलेल्या टूथपेस्टच्या ट्यूबसारखा तो चपटा झाला होता. कुणीतरी पलीकडून ओढून ओढून त्याचा जीव काढला असावा तसा. त्याने नर्सबाईंना पाय बाजूला घ्यायला सांगितलं, बाकाखाली वाकला आणि पेट्रोल आहे ना बघायला टाकीचं झाकण फिरवलं. झाकण सुटलं तशी टाकीने हवा आत ओढली. लांबलचक, दम कोंडलेल्या माणसासारखी. आणि प्लास्टिकच्या टाकीच्या आत गेलेल्या दोन्ही कुशी टणकन बाहेर आल्या. नर्सबाई दचकल्या. त्याने फुगा दाबला, आता तो भरला होता, छान गच्च. सापडलं की काय, असं वाटून त्याचा जीव भांड्यात पडला. त्याने झाकण परत लावलं, पिळून घट्ट केलं, आणि झाकणाच्या डोक्यावर असलेला तो छोटा स्क्रू दोन बोटांत धरून तोही फिरवला, एकदा, दोनदा, आणि मग शेवटचा एक पीळ.

आणि तेव्हा त्याला आपला हात दिसला.

म्हणजे हात रोजच दिसतो. पण असा नाही. चोराला पकडावं तसा त्याने स्वतःचा हात मनगटाशी धरला. दोन बोटं अजून स्क्रूवरच होती. हा स्क्रू टाकीच्या हवेचा. पेट्रोल बाहेर जायचं तर तेवढी हवा आत यायला हवी, नाहीतर टाकी आपलंच पोट आत ओढत राहते आणि एका क्षणी पेट्रोल सोडायचं नाकारते. हे त्याला माहीत होतं. होडीवर काम करणाऱ्या कुणालाही माहीत असतं. माहीत असूनही बोटांनी तो बंद केला होता, आत्ता, त्याच्या डोळ्यांदेखत, आणि ती बोटं इतकी सराईत होती की हे त्यांचं पहिल्यांदाच करणं नव्हतं हे उघड होतं.

"तुमचे सासरे असते तर एव्हाना चालू झालं असतं," नर्सबाई म्हणाल्या. टोमणा नव्हता तो. त्या सरळ बाई होत्या. "नाहीतरी ते बसल्या बसल्या इथे खाली हात घालायचेच. रोज. तुम्ही दोर सोडायला पुढे गेलात की. मला वाटायचं गुडघा चोळतायत."

त्याने स्क्रू उघडला, दोरी ओढली, इंजिन पहिल्याच ओढीला सुरू झालं. होडीतल्या लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. शिंप्याने पुढचं वाक्य मात्र बोलायचं टाळलं. पलीकडचा धक्का येईपर्यंत तो सुकाणू धरून बसला होता, पण तो तिथे नव्हता.

तो होता पातळ औषधांच्या बाटल्या भरायच्या कारखान्यात, एका सरकत्या पट्ट्यासमोर. लग्नाआधीपासून तिथे होता. बाटल्या रांगेने यायच्या, झाकणं लागलेली, आणि त्याने प्रत्येक झाकणावरून हात फिरवायचा. घट्ट असेल ती पुढे. ढिली असेल तिला एक पीळ द्यायचा आणि पुढे. बघायचंही कारण नसे, बोटांना कळायचं. शेजारच्या माणसाशी गप्पा मारत, घरचा विचार करत, अर्धवट झोपेतसुद्धा हात आपला झाकणांवरून फिरत असे. एक ढिलं झाकण निसटलं तर अख्खं खोकं चिकट होऊन परत येई आणि साहेब सगळ्यांसमोर झापायचा. तिथे त्याला सगळे 'बूच' म्हणत. त्यालाही ते आवडे. आपण ज्याला हात लावू ते गळणार नाही, ही काही लहान गोष्ट नव्हती. पुढे झाकणं पिळायचं यंत्र आलं आणि बूच घरी बसला. पण हात घरी बसले नाहीत. नळ, गॅसचा खटका, तेलाची बाटली, शाईची दौत, लेकीची पाण्याची बाटली, जे दिसेल ते पिळून ठेवायचं. बायको म्हणायची, "ह्या घरात साखरेची बरणी उघडायला पहिलवान ठेवावा लागणार आहे." लेक पाण्याची बाटली सरळ आजोबांकडे घेऊन जायची, आणि आजोबा ती काही न बोलता उघडून द्यायचे. कुणाला कशाचं काय वाटत नव्हतं. हसण्यावारी नेलेल्या गोष्टींत माणूस किती पक्का लपतो!

कारखाना सुटला तेव्हा सासऱ्यांनी होडी दिली. उपकार केल्यासारखी नाही, तो त्यांचा स्वभावच नव्हता. एका संध्याकाळी म्हणाले, "होडी म्हातारी झालेली नाही, मीच झालोय. तुम्ही चालवा. मी बसतो." आणि ते बसले, टाकीवरच्या बाकावर. सकाळी घरून टाकी उचलून आणायची, ती नळीला जोडायची, फुगा दाबून पेट्रोल चढवायचं, हे काम त्यांनी स्वतःकडे ठेवलं. बाकी सुकाणू, पैसे, लोक, सगळं त्याचं. जुनी लोखंडी टाकी होती तोवर काहीच बिघडलं नाही. तिच्या झाकणाला एक नुसतं भोक होतं, तिथे पिळण्यासारखं काही नव्हतं. मग ती गंजली, आणि त्याने आपल्या पसंतीने ही नवी लाल टाकी घेतली. होडीतली त्याची स्वतःची अशी ती पहिली वस्तू. धक्क्यावर ती ठेवताना लोक बघतायत का, हे तो बघत होता. तिकीटवाला म्हणाला, "झकास!" आणि त्याच वेळी सासरे खाली वाकून काहीतरी म्हणत होते.

काय म्हणत होते? पलीकडच्या धक्क्याला होडी लागली, लोक उतरले, परतीचे चढले, तो दोर बांधत राहिला आणि ते वाक्य शोधत राहिला. इतकं शोधावं लागलं नाही खरं तर. ते तिथेच होतं. त्यालाच तिकडे जायचं नव्हतं. "ह्या झाकणावरचा हा स्क्रू मोकळाच ठेवायचा हं. टाकीला हवा लागते." आणि तो म्हणाला होता, "हो हो." दोनदा हो. माणूस दोनदा हो म्हणतो तेव्हा त्याने काहीही ऐकलेलं नसतं. उलट त्याला जरा लागलंच होतं. माझी टाकी, आणि तिच्याबद्दलही मला सासरेच समजावून सांगणार.

त्यानंतरच्या सकाळी आता एकेक करून त्याच्यासमोर आल्या. लोक बसले की तो होडीतून शेवटचा हात फिरवायचा. इंजिनाचे पकडस्क्रू, नळीचे सांधे, टाकीचं झाकण. झाकणावरचा स्क्रू रोज ढिला सापडायचा. रोज! म्हाताऱ्याचे हात थरथरतात, त्याला वाटायचं, घट्ट बसत नाही त्यांच्याच्याने. बोललो तर वाईट वाटेल. म्हणून तो मुकाट्याने पिळायचा, सासऱ्यांचं लक्ष दुसरीकडे आहे असं बघून, आणि दोर सोडायला पुढे जायचा. आपण किती समजूतदार आहोत, हे त्याला तेव्हा वाटायचं. ही गोष्ट त्याला सगळ्यात जास्त टोचली. नुसता चुकला असता तर चालून गेलं असतं. पण तो रोज सकाळी थोडी दया करत होता आणि त्या दयेवर खूश होत होता.

आणि तो पुढे गेला की सासरे बाकाखाली हात घालत होते. गुडघा चोळत नव्हते. त्यांनाही बोलायचं नव्हतं. जावयाला सगळ्यांसमोर काय शिकवायचं, एकदा सांगून झालंय, तो विसरतोय, विसरू दे, आपण आहोत ना. तो बंद करत होता आणि ते उघडत होते, एकमेकांची अब्रू सांभाळत, आणि ह्या सौजन्यावर होडी रोज खाडी पार करत होती. बंद पडायची ती बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी टाकीवरच्या बाकावर भाजीच्या गोण्या चढायच्या, आणि सासऱ्यांना पुढे जाऊन बसावं लागायचं. तिथून टाकीपर्यंत हात पोचत नव्हता. मध्यावर इंजिन आवंढा गिळायचं, आणि सासरे गोण्यांवरून, लोकांच्या गुडघ्यांवरून धडपडत मागे यायचे, बाकाखाली हात घालायचे आणि म्हणायचे, "आता मारा दोरी." इंजिन सुरू व्हायचं. लोक म्हणायचे, "बाबांच्या हातात जादू आहे." आणि सुकाणूपाशी बसलेल्या त्याच्या मनात एक घाण, हुशार विचार वळवळायला लागायचा, की ज्याला इतक्या पटकन दुरुस्त करता येतं, त्याला बिघाड कुठे केलाय तेही माहीत असणार.

तो विचार त्याने बोलून दाखवला होता. मनात ठेवला असता तर आज निदान तेवढं तरी राखलं गेलं असतं. धक्क्यावर, तिकिटाच्या खिडकीसमोर, भर गर्दीच्या वेळी. "तुम्हीच काहीतरी करून ठेवता आणि तुम्हीच नीट केल्याचं दाखवता. लोकांनी वा वा करावं म्हणून. हात थरथरतायत तुमचे, कबूल करा की! उद्यापासून होडीवर यायचं नाही." तिकीटवाल्याने सुट्टे मोजायचे थांबवले होते. नर्सबाई तिथेच होत्या. सासऱ्यांनी त्याच्याकडे बघितलं, रागाने नव्हे, आपल्याला बरोबर ऐकू आलं ना अशी खात्री करून घ्यावी तसं, आणि मग ते स्वतःच्या हातांकडे बघायला लागले. हात खरंच थरथरत होते. त्या बोलण्याने थरथरत होते की आधीपासून, हे कोण सांगणार? एक वाक्य बोलले असते तर तो तोंडघशी पडला असता. 'रोज तुम्ही बंद करता ते मी उघडतो.' इतकंच. ते बोलले नाहीत. "बरं," म्हणाले, आणि घरी गेले.

पुढचे काही दिवस त्याने नवी टाकी धुवायला, उन्हात वाळवायला काढली होती. म्हाताऱ्याने आत काय केलंय कोण जाणे, म्हणून. तोवर गंज खरवडून जुनी टाकी चालवली. इंजिन एकदाही अडलं नाही. हेही त्याने पोटात ठेवलं नाही. जेवताना, सासरे समोर ताटावर बसलेले असताना बायकोला म्हणाला, "बघ, हात थांबले आणि इंजिन सुरळीत झालं." बायको वाढता वाढता थांबली. सासऱ्यांनी मात्र हातातला घास नीट खाल्ला आणि म्हणाले, "चांगलं झालं. इंजिन चांगलं चाललं की झालं." त्याला तेव्हा ती शरणागती वाटली होती. नवी टाकी परत होडीत आली ती आजच, आणि आजच इंजिन अडलं.

हात सापडला त्या दिवशी संध्याकाळी टाकी उचलून तो घरी आला तेव्हा सासरे गॅलरीत बसून पंख्याचं बटण उघडत होते. पंख्याला काही झालेलं नव्हतं. गॅलरीतून समोरच्या इमारतीची मागची बाजू दिसायची, वाळत घातलेले कपडे, पाण्याच्या नळ्या. खाडी कुठल्याच कोपऱ्यातून दिसत नसे. त्याने टाकी दाराशी ठेवली. झाकणावरचा स्क्रू बंद होता, घरात वास पसरू नये म्हणून तो रात्रीपुरता बंद करायचाच असतो. आत्ताच सांगावं. बाबा, मीच बंद करत होतो. केवढंसं वाक्य ते! पण चपला काढता काढता त्याने ते उद्यावर टाकलं. एकट्याला एकट्याने सांगून काय होणार, तो स्वतःला समजावू लागला. अपमान चारचौघांत झालाय, भरपाई पण चारचौघांतच व्हायला हवी. विचार अगदी रास्त होता. रास्त विचारांचं हेच असतं, ते मोक्याच्या वेळी बरोबर माणसाच्या मदतीला येतात.

स्वयंपाकघरात बायको बरणीशी झटत होती. तो पुढे झाला, तिने बरणी मागे घेतली. "राहू दे," ती म्हणाली, "बाबा उघडतील." मग हळू आवाजात म्हणाली, "आज त्यांना चहा दिला तेव्हा हात बघितले मी त्यांचे. पेट्रोलचा वास येत नाही आता. लहानपणापासून येत होता तो. आई चिडायची." आणि ती वळून कामाला लागली. त्याला वाटलं, तिने भांडायला हवं होतं. भांडली असती तर त्याला काहीतरी उलट बोलता आलं असतं.

तो गॅलरीत गेला. "बाबा," तो म्हणाला, "उद्या जरा येता का सकाळी? इंजिन परत त्रास देतंय. तुम्हीच बघायला हवं."

सासऱ्यांनी पंख्याचं बटण बाजूला ठेवलं. "मध्यावर येऊन पडतं?"

"हो."

"फुगा चपटा होतो?"

"हो," तो म्हणाला, आणि त्याचे कान तापले.

सासऱ्यांनी बटण उचलून परत जोडायला घेतलं. "येतो," ते म्हणाले. "बघू."

बेत साधा होता. सकाळी टाकी त्याने स्वतः नेली, लवकर गेला, नळी जोडली, आणि झाकणावरचा स्क्रू बंदच ठेवला. सासरे येतील, सगळ्यांसमोर तपासतील, स्क्रूपाशी येतील आणि म्हणतील, अरे, हे काय, हा बंद आहे! मग तो म्हणेल, वा बाबा, एवढे दिवस माझ्या लक्षात आलं नाही, तुम्ही आलात म्हणून सापडलं. तिकीटवाला ऐकेल. नर्सबाई ऐकतील. सासऱ्यांची जागा त्यांना परत मिळेल, आणि स्क्रू कुणी बंद केला हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येणार नाही. कुणाचंच नुकसान नाही त्यात. तरीही स्क्रूला शेवटचा पीळ देताना त्याने आपल्या बोटांकडे बघितलं. इतके दिवस हा हात नकळत चालत होता. आज त्याला सगळं कळत होतं.

सासरे आले ते धुतलेला सदरा घालून. पाहुण्यासारखे धक्क्याच्या पायरीवर उभे राहिले, आणि "उतरू ना?" असं त्यांनी विचारलं. स्वतःच्या होडीत. मग उतरले आणि इंजिनापासून निघाले, तसेच, उलटे. कार्बोरेटरपाशी नाक नेऊन वास घेतला. फिल्टरची वाटी उजेडाकडे धरली. सांधे चाचपले, एकेका सांध्यापाशी बोटं थांबत होती. थरथरत होती, हो, पण जिथे ठेवायची तिथेच पडत होती. लोक जमायला लागले. तिकीटवाला खिडकीतून अर्धा बाहेर आला होता. नर्सबाई पिशवी पोटाशी धरून उभ्या होत्या. सासरे नळी धरून बाकाखाली वाकले, टाकीवर हात ठेवला आणि मग त्यांची बोटं झाकणावर चढली, स्क्रूवर गेली आणि थांबली.

ते वर बघतील, असं त्याला वाटलं होतं. बघितलं नाही त्यांनी. स्क्रू इतका घट्ट होता की पहिल्यांदा फिरला नाही. मग दुसऱ्या हाताने मनगट धरून त्यांनी तो फिरवला. असा पीळ देणारा हात जगात एकच आहे, हे घरातली प्रत्येक बरणी उघडणाऱ्या माणसाला कळायला वेळ लागणार नव्हता. काल संध्याकाळी जोडलेला, आजच्यासाठी मांडलेला सगळा डाव त्या दोन बोटांना एका क्षणात कळला, आणि बोटांना कळलं हे त्याला कळलं. सासरे तसेच वाकून राहिले, गरजेपेक्षा जरा जास्त वेळ.

"काय बाबा, सापडलं?" तिकीटवाल्याने विचारलं.

"सापडलं की," सासरे पाठ सरळ करत म्हणाले. "काही विशेष नाही. ह्या टाकीला हवेचा स्क्रू आहे, तो उघडा ठेवायचा असतो. जुन्या टाकीला नव्हता. मी सांगायलाच हवं होतं जावईबापूंना, माझ्याकडून सांगायचं राहूनच गेलं. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत! म्हातारपण, दुसरं काय."

"चालायचंच," तिकीटवाला म्हणाला. लोक हसले, मायेनेच हसले. कुणीतरी सासऱ्यांना हात देऊन बाकावर बसवलं. हीच ती वेळ होती. त्याने तोंड उघडलंही. पण लोक चढत होते, शिंपी कापडाचं गाठोडं कुठे ठेवू विचारत होता, आणि दोर सोडायचा होता, आणि तो पुढे गेला. नेहमीसारखा.

इंजिन सुरेख चालत होतं. समोर सासऱ्यांची पाठ होती, धुतलेल्या सदऱ्यात जरा लहान झालेली. तिच्याकडे बघताना आता राग येत नव्हता, आणि रागाच्या जागी जे आलं होतं ते त्याहून वाईट होतं. ह्या माणसाने त्याच्यासाठी खोटं बोलून टाकलं होतं. थरथरत्या हातांचा ठपका जावयाने ठेवलेला होताच, आता विसराळूपणाही त्यांनी आपणहून घेतला, वर म्हातारपणाचा शिक्का मारून. उद्यापासून धक्क्यावर सगळे त्यांना सांभाळून घेतील. बाबा, तुम्ही बसा. बाबा, राहू दे. आणि ते ऐकत राहतील, पंख्याचं बटण उघडतील, परत लावतील. आणि तो? तो रोज इथे बसून ही पाठ बघणार. त्याला श्वास घेता येईना. छातीच्या दोन्ही बाजू कुणीतरी आतून ओढून धरल्या होत्या.

खाडीचा मध्य आला. उजवीकडे रेतीचे बार्ज उभे होते. त्याने हात मागे नेला आणि इंजिन बंद केलं.

शांतता झाली, आणि शिंप्याचं अर्धं वाक्य पुन्हा सगळ्यांना ऐकू गेलं. होडीतल्या सगळ्या माना वळल्या. त्याच्याकडे नाही, सासऱ्यांकडे. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच होतं, अरेरे, म्हाताऱ्याला सापडलं नाही वाटतं. सासऱ्यांचा हात बाकाखाली जायला निघालाही होता.

"नाही बाबा," तो म्हणाला. "पडलं नाही. मी बंद केलंय."

लोक आता त्याच्याकडे बघायला लागले. होडी पाण्यावर हळूहळू आडवी होत होती.

"ह्यांनी सांगितलं होतं मला," तो म्हणाला. शब्द कुठूनही, कसेही निघत होते. "पहिल्याच दिवशी. स्क्रू मोकळा ठेवा म्हणून. मी ऐकलंच नाही. रोज मी बंद करत होतो, हे रोज उघडत होते, म्हणून तुम्ही पलीकडे पोचत होता. त्या दिवशी मी जे बोललो, तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय, ते सगळं खोटं आहे. आणि आज सकाळीसुद्धा तो मीच बंद करून ठेवला होता. ह्यांना सापडावा म्हणून. म्हणजे मला बोलायला नको." एवढं बोलून तो थांबला. अजून काहीतरी बोलायला हवं होतं, पण ते कसं म्हणतात ते त्याला आठवेना. "चुकलं माझं," तो म्हणाला.

नर्सबाई खाली पिशवीकडे बघत होत्या. शिंपी आ वासून बघत होता. सासरे मात्र समोरच्या काठाकडे तोंड करून बसले होते, आणि पाठीवरून काही कळायला मार्ग नव्हता.

"माहीत आहे मला," शेवटी ते म्हणाले, मागे न वळता. आवाज नेहमीचाच. "चालू करा आता. बाईंना ड्यूटी गाठायचीय."

त्याने दोरी ओढली. इंजिन लागलं. होडी सरळ झाली, बार्ज मागे पडले, आणि हळूहळू शिंप्याशेजारच्या कुणीतरी पावसापाण्याचं काहीबाही बोलायला सुरुवात केली. सासऱ्यांनी हात बाकाखाली नेला आणि झाकणावरचा स्क्रू चाचपून पाहिला. तो मोकळाच होता. तरी पलीकडचा धक्का येईपर्यंत त्यांनी तिथून हात काढला नाही.